जयवंताची चेष्टा

जयवंताचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. संत्र्याचा हंगाम असो वा नसो, चारला. चूल पेटवायची, पाणी भरायचं, भाकरी टाकायच्या आणि उजाडायच्या आत अंगण झाडून मोकळं व्हायचं. मध्य प्रदेशातल्या, सीमेजवळच्या मोहगावहून सौंसरच्या रस्त्यावरच्या शेडपर्यंत गाडी मिळायची, पण ती भरल्याशिवाय हलत नसे, आणि उशिरा आलेल्या बाईला मुकादम उन्हाच्या बाजूला बसवी. म्हणून जयवंता चालत निघे. पोचली की हात धुई, पदर खोची आणि आपल्या जागेवर बसे. पहिलं कॅरेट तिच्यापुढं येई तेव्हा बाकीच्या बाया अजून चपला काढत असत.

शेडमधलं काम सांगायला सोपं. बागेतून संत्री येतात, त्यांचा ढीग लागतो, बायांनी तो निवडायचा. मोठं फळ एका बाजूला, मध्यम दुसऱ्या बाजूला, लिंबाएवढी चुरी तिसरीकडं. डागी फळ बाहेर. पण डाग दरवेळी दिसतोच असं नाही. सालीखाली मऊ पडलेलं फळ वरून लखलखीत असतं, आणि तसं एक जरी भरलं गेलं तरी गाडी मुक्कामाला पोचेस्तोवर अख्खं कॅरेट नासतं. जयवंता प्रत्येक फळ देठाच्या बाजूनं अंगठ्याखाली फिरवी. बोलत नसे. बोलणाऱ्या बाईचा अंगठा हलका पडतो असं तिचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं. तिच्या कॅरेटची तक्रार कधी आली नाही. त्याबद्दल तिला कोणी कधी काही म्हटलंही नाही. नीट काम करणारीला आणि वेळ काढणारीला मजुरी एकच. पुरुषांची तेवढी वेगळी, जास्तीची.

शेडच्या दाराशी एक खुर्ची होती. तिच्यावर रजनी बसे. कोणत्या गाडीत कोणता माल गेला, कुठं गेला, हे ती लिही आणि कॅरेटवर चिठ्ठ्या लावी. तिला रोजी नव्हती, पगार होता. पाऊस पडला, गाडी आली नाही, तरी पगार.

रजनी आणि जयवंता एकाच गावच्या लेकी. एकाच गल्लीत लहानाच्या मोठ्या झाल्या. त्या माहेरच्या गावात शाळा चौथीपर्यंत, मराठी. पुढची शाळा नाल्यापलीकडं, आणि पावसाळ्यात नाला कोणालाच ओलांडू देत नसे. रजनीचा मामा सौंसरला राहायचा. त्यानं तिला घरी ठेवून घेतलं आणि दहावी होईस्तोवर हिंदी शाळेत घातलं. जयवंताला मामा होता, पण तोही त्याच गावात. बाकी दोघींत फरक काढायचा म्हटला तर काढता येणार नाही.

खुर्चीची एक गोष्ट होती, आणि ती शेडमध्ये सगळ्यांना माहीत होती. रजनी आधी जयवंताच्या शेजारीच निवडायला बसायची. एका हंगामात लिहिणारा माणूस काम सोडून गेला. बाहेर गाडी भरून उभी. मालकानं विचारलं, "लिहिता कोणाले येते?" जयवंता उठली. चौथीपर्यंतचं अक्षर, पण वळणदार. तिनं पहिल्या चिठ्ठीवर लिहिलं: कानपूर. उत्तरेकडचा व्यापारी उभा होता. त्यानं चिठ्ठी हातात घेतली आणि हसला.

"ये कौन-सा पूर है भाई? बड़ा लंबा पूर है!"

मराठीत पूर असाच लिहितात, दीर्घ. हिंदीत ऱ्हस्व. जयवंताला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. तेवढ्यावर गेलं असतं, पण मागून रजनी बोलली, "अवं माय, जयवंतानं कानपुरात पूर आणला वं! आता संत्रे पोहत जातीन!" सगळी शेड हसली. हमालही हसले. त्या दिवसापासून जयवंता 'पूरबाई' झाली आणि रजनी खुर्चीवर बसली. रजनीनं काही खुर्चीसाठी ते केलं नव्हतं. तिच्या तोंडाला येईल ते ती बोले, आणि तेव्हा ते तोंडाला आलं. पण जयवंता त्यानंतर शेडमध्ये पेनाला शिवली नाही. आणि माणसानं केलेल्या कामाची चेष्टा करणं यापेक्षा हलकट गोष्ट नाही, हे तिच्या मनात पक्कं बसलं.

नवरा चिंधू पांढुर्ण्याला जिनिंगमध्ये होता. कापसाच्या हंगामात तिकडंच राही, रविवारी घरी येई. एकच मुलगी, दामिनी.

दामिनी मोहगावच्या मराठी शाळेत आठवीपर्यंत पहिली आली. मग सौंसरच्या हिंदी शाळेत गेली आणि शेवटच्या बाकावर बसली. हिंदी तिला येत नव्हती असं नाही. बाजारात, बसमध्ये, मोबाइलवर हिंदीच असते. पण बाजारातली हिंदी एक आणि पुस्तकातली एक. वहीत लाल गोळे येऊ लागले, बहुतेक ऱ्हस्व-दीर्घाचे, आईच्या कानपूरसारखेच. वर्गातल्या नोकरदारांच्या मुली दुपारी शिकवणीला जात. दामिनी दुपारी पाणी भरायला येई. नागपूर बसनं जवळ, भाषाही तीच, पण तिथं दाखला मागत, आणि दाखल्यावर मध्य प्रदेश. भोपाळ आपलं, पण ते दूर आणि हिंदीत. सीमेवरच्या पोरांना दोन्ही घरं आहेत आणि जेवायला कुठंच वाढत नाहीत, असं चिंधू म्हणायचा.

दामिनीला नर्स व्हायचं होतं. बारावीला गेली तेव्हा तिच्या शाळेत एक बातमी आली. छिंदवाड्याला एक संस्था खेड्यातल्या मुलींसाठी निवासी वर्ग चालवत होती. बारावीचा अभ्यास, शिवाय नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी. राहणं, जेवण, शिकवणं, सगळं फुकट. दर शाळेतून एकच नाव. नाव द्यायचं चौबे सरांनी.

चौबे सर जीवशास्त्र शिकवत. रीव्याकडचे. माणूस चांगला, आवाज मोठा, हिंदी पुस्तकातली. तिमाही परीक्षा झाली आणि त्यांनी दामिनीला सांगितलं, "माँ को भेजना. छिंदवाड़ा की बात करनी है."

दामिनी घरी उडत आली. "आई, सरांनी बोलावलं. वर्गाचं बोलायचं आहे म्हणे."

"मी जाऊन काय बोलू? मले त्याहीची हिंदी समजत नाही."

"तू काही बोलू नको. फक्त हो म्हणजो."

जयवंतानं अर्ध्या दिवसाची रोजी सोडली. लग्नातलं लुगडं नेसली. शाळेच्या व्हरांड्यात चपला काढल्या आणि अनवाणी सरांपुढं उभी राहिली.

"बैठिए माताजी. आप दामिनी की माँ हैं?"

"हाँ साब."

"देखिए, नंबर कम हैं. वो मैं जानता हूँ. लेकिन चेष्टा! चेष्टा जितनी ये लड़की करती है, पूरी कक्षा में कोई नहीं करता."

जयवंताच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. बाकी वाक्यातलं काही कळलं, काही नाही, पण तो एक शब्द कळला. तिची पोरगी चेष्टा करते. सगळ्या वर्गात जास्त करते. कोणाची, तेही विचारवेना. सरांचीच असणार, एरवी आईला कशाला बोलावतील?

"माफी दो साब," ती म्हणाली. "मैं आज ही बंद कराती."

सर गोंधळले. "बंद? बंद क्यों? करने दीजिए माताजी! इसी के भरोसे तो लड़की आगे जाएगी."

टोमणा, जयवंताला वाटलं. मोठ्या माणसाचा टोमणा. हसत हसत मारलेला. तिनं हात जोडले.

"नहीं साब. मेरे घर में ये नहीं चलेगा. गरीब की लड़की को शोभा नहीं देता. अब्बी से काम पे लगाती उसको. आगे से नहीं करेंगी."

सरांचा चेहरा पडला. अशा आया त्यांनी आधीही पाहिल्या होत्या. मुलीला कामाला लावायचं ठरवून आलेल्या. समजावून काही होत नाही हेही त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी टेबलावरचा कागद आपल्याकडं ओढला.

"जैसी आपकी इच्छा," ते म्हणाले, आणि यादीत दुसऱ्या मुलीचं नाव गेलं.

जयवंता सौंसरहून मोहगावला चालत आली. गाडीत बसली असती तर कोणीतरी विचारलं असतं.

दामिनी दारातच होती. "काय म्हणाले सर? हो म्हणाली ना तू?"

"म्हणायचं थे म्हणाले. तू शाळेत काय धंदे करून राहिली थे मले समजलं. बापाले तोंड दाखवायची लाज वाटते मले."

दामिनीनं खाली पाहिलं. तिला वाटलं, नंबरांचं. गणितात काठावर आली होती ती. पोरीनं विचारलं नाही, आईनं सांगितलं नाही. दोघी सारख्याच, एका वाक्यात जे मावतं तेवढंच बोलणाऱ्या.

"आणि वर्ग?"

"वर्गाचं नाव घेऊ नको. दिवाळीपासून माझ्यासंग शेडमध्ये. हाताले काम असलं का तोंड बंद राहते."

रविवारी चिंधू आला. जयवंतानं त्याला मागच्या अंगणात नेऊन सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "कोण, दामिनी चेष्टा करते? थे तर कुत्र्याले हाड म्हणत नाही."

"म्हणजे मी खोटं सांगून राहिली?"

"तू नाही वं. सरच चुकले असतीन."

"सर चुकत नसतात," जयवंता म्हणाली, आणि बोलणं तिथं संपलं.

दिवाळी झाली आणि आंबिया बहाराची संत्री सुरू झाली. दामिनी आईशेजारी बसली. सुट्टी संपली, शाळा उघडली, तरी बसली. तिकडं तिचा रिकामा बाक चौबे सरांना रोज दिसे आणि आपण ओळखलं तेच खरं झालं असं त्यांना वाटे. इकडं रजनीनं खुर्चीवरून विचारलं, "अवं, बारावीची पोट्टी इथं काय करून राहिली?"

"हात मोकळे होते," जयवंता म्हणाली.

"असं कसं? परीक्षा जवळ आली नं!"

"तू तुझ्या चिठ्ठ्या पाहा."

दामिनीचा हात चांगला चालायचा. एकदा दाखवलं की पुरे. पण पहिल्या आठवड्यात तिनं एक मऊ फळ सोडलं, ते जयवंतानं तिच्या कॅरेटमधून परत काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. रागावली नाही. दामिनीनं त्यानंतर एकही सोडलं नाही. संध्याकाळी दोघी चालत घरी यायच्या. दामिनी जेवून लगेच झोपायची. जयवंताला वाटायचं, थकून झोपते, बरं आहे. पोरगी का लवकर झोपते ते तिला पुढं एका पहाटे कळलं.

दामिनी चारला उठू लागली होती. आई चुलीपुढं बसली की ती भिंतीला टेकून पुस्तक घेऊन बसे. पुटपुटत वाची. जयवंतानं अडवलं नाही. शाळा सुटली, पण वाचू नको असं ती म्हणाली नव्हती. चुलीचा उजेड पुस्तकावर पडावा म्हणून ती स्वतः थोडी बाजूला सरकून बसे, हे मात्र ती कबूल करायची नाही.

अशाच एका पहाटे थंडी होती आणि तवा तापला होता. दामिनी हिंदीचा धडा मोठ्यानं म्हणत होती, पाठ करायचा म्हणून.

"सफलता उसी को मिलती है जो निरंतर चेष्टा करता है."

जयवंताचा हात भाकरीवर थांबला. "काय म्हणली?"

"धडा आहे."

"पुन्हा म्हण."

दामिनीनं म्हटलं.

"हे पुस्तकात लिवलं आहे? चेष्टा करणाऱ्याले यश भेटते म्हणून?"

दामिनी हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. "आई, हिंदीत चेष्टा म्हणजे आपल्यासारखी थट्टा नाही. चेष्टा म्हणजे मेहनत. धडपड. मले बी नववीत समजलं नव्हतं, मी वर्गात हसली होती."

तव्यावरची भाकरी काळी पडली, धूर आला, दामिनीनं धावत येऊन चिमट्यानं ती उचलली. या घरात भाकरी जळल्याचं तिला आठवत नव्हतं.

"आई? काय झालं वं?"

मग जयवंतानं सांगितलं. व्हरांडा, सरांचा शब्द, आपण काय म्हणालो, ते काय म्हणाले. जसंच्या तसं. काही वगळलं नाही.

दामिनी ऐकत होती. तिच्या तोंडावर आधी आनंद आला. "सर तसं म्हणाले? माझ्याइतकी कोणी करत नाही म्हणाले?" ते तिला पहिल्यांदाच कळत होतं. मग बाकीचं कळलं. आनंद तोंडावरच राहिला, पण डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं पुस्तक मिटलं आणि पीठ मळायला घेतलं, जळलेल्या भाकरीच्या जागी दुसरी टाकायला.

त्या दिवशी जयवंता शेडमध्ये गेली नाही. शाळा उघडायच्या आधी व्हरांड्यात जाऊन बसली. सर आले, तिला ओळखलं, थांबले.

"साब," ती उभी राहून म्हणाली, "हमारे में चेष्टा मतलब मजाक. किसी पे हसना. मेरे को लगा, लड़की आप पे हसती."

सरांना समजायला एक क्षण लागला. मग ते जवळच्या बाकावर बसले. चष्मा काढून हातात धरला.

"और मैंने समझा, आप लड़की को पढ़ाना नहीं चाहतीं."

"मैंने पूछा नहीं साब."

"पूछा तो मैंने भी नहीं."

त्यांनी तिच्यासमोरच छिंदवाड्याला फोन लावला. उभ्यानं बोलले, विनवून बोलले. पलीकडचं उत्तर जयवंताला ऐकू आलं नाही, पण सरांच्या मानेवरून कळलं. नावं दिवाळीआधीच गेली होती. वर्ग सुरू झाला होता. जागा एकच, आणि तिच्यावर दुसरी मुलगी बसली होती. तिचीही गरज खरीच असणार, तिला कोण उठवणार?

"अगले साल?" जयवंतानं विचारलं.

पुढच्या वर्षी फुकटच्या वर्गात बारावीत असलेल्याच मुली घेणार. पास झालेल्यांसाठी वेगळा वर्ग, त्याला फी. राहण्याचंही वेगळं. सरांनी आकडा सांगितला. जयवंतानं तो मनात ठेवला आणि विचारलं, दामिनीनं आजपासून शाळेत यावं का.

"अभी भेजिए," सर म्हणाले. "छुट्टी के बाद मैं खुद पढ़ाऊँगा."

त्यांनी शिकवलं. परीक्षेपर्यंत शिकवलं, शब्द पाळला. पण शाळेतला बुडालेला काळ बुडाला तो बुडालाच.

शेडमध्ये गोष्ट पोचायला वेळ लागला नाही, सांगितली रविवारी आलेल्या चिंधूनंच. दुपारच्या डब्याच्या वेळी रजनी खुर्ची सोडून जयवंताजवळ येऊन बसली.

"एक शब्द होता वं जयवंता. मी दहावीपर्यंत हिंदीतच शिकली. मले विचारला असता तर?"

जयवंता भाकरीचा तुकडा मोडत होती. मोडून झाला, मग म्हणाली, "तुले कशी विचारू? हसणारी तूच होती."

"मी? कवा?"

"कानपुरात पूर आला तवा."

रजनीच्या लेखी ती गंमत होती, केव्हाच विसरलेली. सगळ्या शेडनं जयवंताला पूरबाई म्हणावं आणि जयवंतानं ओ द्यावी, हे रोजचंच झालं होतं. तिनं एवढंच केलं की डब्यातली चटणी जयवंताच्या भाकरीवर वाढली. जयवंतानं ती खाल्ली.

संध्याकाळी बाया निघाल्या तेव्हा रजनीनं तिला दारात थांबवलं. "माझा दीर काटोलच्या बाजूनं शेडवर मुकादम आहे. याच कामाची रोजी तिकडं दीडपट देतात. जाशीन काय? मी सांगतो त्याले."

"तिकडं जास्त काहून देतात?"

"तिकडच्या बाया कंपनीत जातात, नागपूरले जातात. माणसं भेटत नाहीत त्याहीले. इथं तुले-मले दुसरं कुठं काम आहे? मालकाले थे ठाऊक आहे."

यात सगळं आलं. संत्री तीच. झाडं तीच, कलमं एकाच ठिकाणची. मधे रस्त्यावर राज्याची पाटी.

फी साठवायला जयवंतानं दामिनीच्या निकालाची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच आठवड्यापासून ती काटोलच्या बाजूला जाऊ लागली. आता तिचा दिवस चारला सुरू होत नव्हता, तीनला होत होता. भाकरी टाकायच्या, दामिनीचा डबा झाकून ठेवायचा, अंधारात सौंसर गाठायचं, पहिली बस पकडायची. तिकडच्या शेडमध्ये इकडून आलेल्या बायांची सतरंजी वेगळी होती. "एमपीवाली, हात चालव," असं मुकादम ओरडे. मराठीतच ओरडे. सौंसरात ती मराठीवाली होती, इथं एमपीवाली. नाव काहीही द्या, अंगठा तोच होता. देठाच्या बाजूनं फळ फिरत राहिलं.

थंडीत बोटं बधिर व्हायची. संत्र्याच्या सालीचं तेल भेगांत उतरलं की आग व्हायची, बाया फडकं गुंडाळून काम करायच्या. जयवंता फडकं गुंडाळत नसे. फडक्यातून मऊ फळ कळत नाही. मुकादम म्हणाला, "बाई, रोजी तेवढीच भेटन, काहून त्रास करून घेतं?" तिनं फडकं गुंडाळलं असतं तर त्याला कळलं नसतं, मालकाला कळलं नसतं. कॅरेट उघडणाऱ्याला कळलं असतं.

आंबिया बहार संपला, मधे तूर काढायला गेली, मग उन्हाळ्याच्या तोंडाशी मृग बहाराची संत्री आली. तोही सगळा हंगाम ती तिकडंच गेली. एका पहाटे बस आली नाही तेव्हा दुधाच्या गाडीत उभी राहून गेली. चिंधूनं जिनिंगमध्ये सुट्टीच्या दिवशीही कापसाच्या गठाणी उचलल्या. तो जयवंताला एकदाच म्हणाला, "मी म्हणलो होतो, सरच चुकले असतीन."

"सर नाही चुकले."

"मंग तू चुकली?"

"मी बी नाही. शब्द चुकला."

"शब्दाची रोजी कोण कापन?" चिंधू म्हणाला, आणि दोघंही थोडं हसले. कापली कोणाची हे दोघांना माहीत होतं.

दामिनी बारावी पास झाली. प्रवेश परीक्षेत थोडक्यात राहिली. वर्गात असती तर निघाली असती का, हे कोणी सांगू शकत नाही, आणि जयवंतानं कोणाला विचारलंही नाही. जिच्यासाठी तिनं त्या दिवशी हात जोडून जागा सोडली होती ती मुलगी निघाली. सौंसरच्या बाजारात तिची आई भेटली, पेढा दिला. जयवंतानं तो दामिनीसाठी पदरात बांधून आणला नाही, तिथंच तोंडात टाकला आणि म्हणाली, "छान झालं बाई." घरी येऊन पाणी प्याली आणि धान्य निवडायला बसली.

पावसाळ्यात छिंदवाड्याचा वर्ग सुरू व्हायचा होता, फीवाला. निघायच्या आदल्या दिवशी चिंधूनं जुनी पत्र्याची पेटी घासून काढली. तिच्यावर पत्ता लिहायचा होता. रंगाचा डबा आणि काडीला गुंडाळलेला कापूस जयवंतानं हातात घेतला. शेडमधल्या त्या दिवसानंतर तिनं पहिल्यांदाच चारचौघांत काही लिहायला घेतलं. दारात रजनीही होती, निरोप द्यायला आलेली. जयवंतानं मुलीचं नाव लिहिलं, खाली लिहिलं: छिंदवाडा. अक्षर अजून वळणदार होतं.

मग दामिनी वाकली, आईच्या हातातून काडी घेतली आणि 'ड'च्या खाली हिंदीतलं टिंब दिलं.

"आता बरोबर?" जयवंतानं विचारलं.

"तुझं बी बरोबरच होतं," रजनी म्हणाली. "तिकडच्याले समजायले पाहिजे म्हणून टिंब."

सकाळी सौंसरच्या स्टँडवर छिंदवाड्याची बस लागली. पेटी टपावर चढली. दामिनी खिडकीत बसली. गाडी सुरू झाली तशी जयवंता खिडकीशी गेली आणि गजावरच्या पोरीच्या बोटांवर आपली बोटं ठेवली, भेगांची.

"चेष्टा करजो," ती म्हणाली.

शेजारच्या सीटवरची म्हातारी वळून पाहू लागली. कोणती माय पोरीला असं सांगून पाठवते? दामिनी हसली, मग रडली, मग बस हलली.

या जाण्यामागं काटोलच्या बाजूच्या दोन हंगामांची मजुरी होती, चिंधूच्या सुट्ट्या धरून. तिच्यात वर्गाची फी बसली, एका खोलीतली खाट बसली आणि बसचं भाडं. एकदा फुकट मिळत असलेलं एक वर्ष जयवंतानं त्या मजुरीनं विकत घेतलं.